सातवी फळी

१

मिस्त्रींच्या घरामागचा व्हरांडा लाकडाचा होता. त्यांनी तो स्वतः बांधला त्याला बेचाळीस वर्षं झाली. आडव्या घातलेल्या रुंद बारा फळ्या. दारातून पाऊल टाकलं की पहिली, आणि बारावीवर बायकोची वेताची खुर्ची. जमीन खुर्चीकडे उतरत गेलेली, त्यामुळे दाराशी व्हरांडा वीतभर उंच होता आणि खुर्चीपाशी कमरेच्या वर. खालची पोकळी त्यांनी तिन्ही बाजूंनी पट्ट्या ठोकून बंद केली होती, मांजरं शिरू नयेत म्हणून.

रोज सकाळी दहा वाजता बायको काठी दाराशी टेकवून ठेवायची आणि डावा पाय पुढे टाकून निघायची. एका फळीवर एक पाऊल. बारा पावलं झाली की खुर्ची. दुपारी जेवायच्या वेळी मिस्त्री तिला हाताला धरून, भिंतीच्या कडेनं परत आणायचे.

सहा वर्षांपूर्वी काचबिंदूनं तिची नजर गेली होती. घरात ती काठीशिवाय हलत नसे. चाळीस वर्षं वापरलेल्या स्वयंपाकघरात तिला अजून टेबलाचा कोपरा लागायचा. व्हरांड्यात मात्र काठी नाही आणि भिंतीला हातही नाही. मानपान घ्यायला निघालेल्या विहिणीसारखी ताठ मानेनं चालायची.

याचं श्रेय मिस्त्री आपल्या फळ्यांना देत. प्रत्येक फळीचा आवाज वेगळा होता, तो ओळखून ती चालते, असं ते मनाशी धरून होते. कोणी विचारलं तर सांगायचेही. फारसं कोणी विचारायचं नाही.

तिच्या पावलांचा आवाजही त्यांना पाठ होता. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी त्यांची धार वर करून पडलेली सुतारी पटाशी तिच्या डाव्या टाचेत घुसली होती. टाचेवर आडवा पांढरा व्रण राहिला. तेव्हापासून डावी टाच ती हलकी टेकवायची. एक पाऊल हलकं, एक भक्कम.

एखादा खिळा वर आला की मिस्त्री हातोडी घेऊन बसत. जुनी फळी ठोकताना उसळते. खालून कोणी टेका धरला तर खिळा एका घावात बसतो. पण टेका धरायला माणूस कुठून आणायचा? मग चार घाव, पाच घाव. आतून बायकोचा आवाज यायचा.

"अहो, हळू ठोका!"

"का? राणीसाहेबांचे कान दुखले?"



२

सातवी फळी लांबीला चिरली. चीर बोटभर रुंद झाली तेव्हा मुलगा शहरातून आला. डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं की आई एकदा पडली तर पुन्हा उठणार नाही.

"बाबा, दोनच गोष्टी आहेत," तो उभ्याउभ्याच म्हणाला. "हे सगळं काढून नवीन घाला. नाहीतर आईला मी माझ्याकडे नेतो."

"तिसऱ्या मजल्यावर?"

"लिफ्ट आहे."

"आणि दहा वाजता ती कुठे चालायला जाणार? लिफ्टमध्ये?"

मुलानं पिशवीतून एक फळीचा तुकडा काढला. लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकत्र दाबून केलेला. वर लाकडाच्या रेषासुद्धा छापलेल्या. "कंपोझिट म्हणतात याला. किडत नाही, फुटत नाही, आवाज करत नाही. बघा तरी."

"आवाज करत नाही हा गुण झाला होय?"

त्यानं तो तुकडा तिसऱ्या फळीवर ठेवला आणि आईला सांगितलं, "आई, चालून बघ. अगदी सपाट आहे."

ती निघाली. हलकं, भक्कम. तिसरं पाऊल त्या तुकड्यावर पडलं आणि ती थांबली. दोन्ही हात वर आले, हवेत काही शोधल्यासारखे. मुलानं धावत जाऊन धरली.

"काय झालं?"

"इथं खाली काही नाही," ती म्हणाली.

"अगं, फळी आहे ना!"

"फळी आहे रे. ते कळतंय मला."

मुलगा म्हणाला, सवय होईल. मिस्त्रींनी तुकडा उचलून भिंतीला लावून ठेवला.

३

दुसऱ्या दिवशी ते लाकडाच्या वखारीत गेले. आयुष्यभर गिऱ्हाइकांना जे सांगितलं ते आता स्वतःच्या घरासाठी पाहायचं होतं. साग पाहिला. हल्लीचा साग कोवळा कापतात, दोन पावसाळ्यांत पिळवटतो. औषध मुरवलेलं पाइन पाहिलं. हलकं लाकूड, खिळा पटकन धरतं आणि पटकन सोडतं. दगडी लाद्या पाहिल्या. ओल्या झाल्या की घसरतात, आणि आंधळ्या माणसाला दगड काही सांगत नाही. शेवटी ते कंपोझिटसुद्धा पाहिलं. प्रत्येक फळीवर बोटाचं पेर वाजवायचं आणि कान लावायचा, ही त्यांची पद्धत. कंपोझिटवर वाजवलं तेव्हा आतून काहीच परत आलं नाही.

वखारवाला हसला. "मिस्त्री, फळी घ्यायला आलात की मुलगी बघायला?"

"मुलगी बघायला अर्धा तास लागला होता. लाकडाला जास्त लागतो."

काही न घेता ते परत निघाले. रस्त्यात त्यांचं ठरलं. त्यांच्या उस्तादांची रीत होती: जमिनीची फळी झिजली तर टाकायची नाही, पालथी करायची. एका तोंडावर बेचाळीस वर्षं काढली. दुसरं तोंड कोरं पडलंय. अकरा फळ्या पालथ्या करायच्या आणि फक्त सातवी बदलायची. घरातलंच मुरलेलं लाकूड. पोराला काय कळतंय?

या विचारानं त्यांना इतकं बरं वाटलं, की घरी आल्यावर त्यांनी स्वतः चहा केला.

४

बायको दुपारी झोपली तेव्हा त्यांनी पहिली फळी पहारीनं उचकटली आणि अंगणात नेऊन सुतारकामाच्या घोडीवर पालथी टाकली.

कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलेला '१' होता. बसवताना प्रत्येक फळीच्या खालच्या अंगाला ते आकडा टाकत. अक्षर त्यांचंच.

फळीच्या मध्यावर मात्र लाकूड झिजलेलं होतं.

त्यांना आधी वाटलं, आपण ही फळी पूर्वीच कधीतरी पालथी केली आणि विसरलो. पण आकडा खालच्या अंगाला होता, आणि खिळ्यांची भोकंही वरून खालीच गेलेली. फळी एकदाच बसवली होती.

त्यांनी दुसरी काढली. मग तिसरी. मग चौथी.

झीज प्रत्येकीला होती, नेमकी मधोमध, वितीहून थोडी लांब. बाकी सगळी फळी खरखरीत, करवतीच्या खुणांसकट, जशी वखारीतून आली तशी. आणि मध्ये एक खळगा, हात फिरवला तर काचेसारखा गुळगुळीत. मिस्त्रींनी मनातल्या मनात एकेक कारण घेतलं. पाणी? पाण्यानं लाकूड काळं पडतं, चकाकत नाही. घूस? घुशीची नखं दिसली असती. तुळईवर घासलं? तुळया टोकांना होत्या, मधे नव्हत्या. माणूस? खुर्चीच्या बाजूनं पट्टी काढून माणूस रांगत आत जाऊ शकेल. पण फळीला खालून तळवा लावायचा तर माणूस उलटा हवा.

'तळवा' हा शब्द आपल्या मनात कसा आला, हे त्यांना कळलं नाही.

ते आत गेले आणि बायकोची चप्पल घेऊन आले. खळग्यावर ठेवून पाहिली. आरशात दिसावी तशी उलटी, पण मापात सूतभराचाही फरक नाही. पहिल्या आणि तिसऱ्या फळीवर टाचेकडची झीज उथळ होती. दुसऱ्या आणि चौथीवर खोल. एक हलकं, एक भक्कम.

आणखी एक गोष्ट त्यांनी पाहिली, आणि ती त्यांना का कोण जाणे जास्त लागली. भिंतीच्या कडेला, जिथून ते स्वतः जड बूट घालून बेचाळीस वर्षं ये-जा करत होते, तिथं फळीचं खालचं अंग कोरंच होतं. त्यांच्या पावलांखाली कधी कोणी नव्हतं.

चारही फळ्या त्यांनी होत्या तशाच परत बसवल्या.

आतून आवाज आला, "अहो, हळू ठोका!"

५

संध्याकाळी चहा पिताना त्यांनी शक्य तितक्या सहज विचारलं, "व्हरांड्यात चालताना पायाला खालून काही लागतं का गं?"

बायकोनं कप खाली ठेवला. "म्हणजे काय? तुम्हीच नाही का बसवलंत ते?"

"काय बसवलं?"

"तेच. पाऊल टाकायला गेलं की खालून जरासं वर येतं. इथं टाक, म्हणाल्यासारखं. माझी नजर गेली त्या वर्षीच लक्षात आलं माझ्या. मला वाटलं, काहीतरी स्प्रिंग वगैरे बसवल्यात."

"मग बोलली नाहीस कधी."

"तुम्ही तरी कुठं बोललात? आणि तुमचं कौतुक केलं की आठ दिवस फुगून बसता. कोण सहन करणार?" ती हसली. मग तिचा चेहरा बदलला. "तुम्हीच बसवलंय ना?"

मिस्त्री खोटं फार कमी बोलत. बोलायची सवय नसल्यानं त्यांना वेळ लागला.

"हो. मीच."

"मग झालं तर."

पण त्यांच्या डोक्यातला हिशेब थांबला नव्हता. पावलाखाली सहा वर्षांत तेवढं लाकूड झिजत नाही. ते चाळीस वर्षांचं काम होतं. म्हणजे बायकोला दिसत होतं, ती धावतपळत या व्हरांड्यात कपडे वाळत घालत होती, मुलगा तिच्या कडेवर होता, तेव्हाही ते खाली होतंच. तिच्या लक्षात यायला तिला आंधळं व्हावं लागलं.

रात्रभर त्यांनी विचार केला नाही, कारण ते झोपले. पण पहाटे जाग आली तेव्हा विचार तयार होता. जे काय आहे ते ठाऊक नाही. त्याची मर्जी ठाऊक नाही. आज ते पाऊल धरतं. उद्या धरलं नाही तर? किंवा धरलं आणि सोडलं नाही तर? ज्याला नाव नाही त्याच्या भरवशावर बायकोला चालू देणार नाही. तिला सवय नसेल त्या फळीची, तर होईल. भिंतीला धरून चालेल. काठीनं चालेल. पण ज्या फळीवर चालेल ती फळी असेल, बस्स.

त्यांनी शहरात परतलेल्या मुलाला फोन लावला. "आण तुझं ते कंपोझिट. जाड घे. मध्ये फट नको."

पलीकडून मुलानं विचारलं, "बाबा, तब्येत बरी आहे ना?"

"तब्येतीला काय झालंय? आण म्हटलं ना!"

६

माल आला त्या दिवशी नऊ वाजताच मिस्त्री कामाला लागले. मुलाला सांगितलं, आईपाशी बस, तिला बाहेर सोडू नको. बायकोला सांगितलं, आज चालायचं नाही. ती म्हणाली, "बरं." तिच्या 'बरं'चा अर्थ पन्नास वर्षांत त्यांना कळला नव्हता.

फुटलेली सातवी आधी काढली. काढल्यावर तिथं हातभर रुंद खाच राहिली, खाली मांडीइतकी खोल, तळाशी दगड. नव्या फळीचं माप घ्यायला बाजूची पट्टीसुद्धा काढली, म्हणजे उजेड आत येईल. मग सातवी अंगणात आणली आणि जमिनीवर बसून, पायांनी फळी धरून, तिचे गंजके खिळे उपटू लागले. बसल्यावर त्यांचे डोळे व्हरांड्याच्या फळ्यांच्या पातळीला येत होते. तिथून खाच सरळ समोर होती. मध्ये दहा-बारा पावलांचं अंतर.

आत मुलाचा फोन वाजला. त्याचं बोलणं पुढच्या खोलीकडे लांब गेलं.

दाराशी काठी टेकवल्याचा आवाज झाला.

मिस्त्रींनी मान वर केली. ती पहिल्या फळीवर होती. हलकं. भक्कम. हलकं.

ओरडलो तर ती दचकेल आणि मधेच पडेल, हे आधी त्यांच्या ध्यानात आलं. उठायला गेले, तर गुडघा आखडला होता. हात टेकून अर्धे उठले. चौथी. पाचवी. "थांब," ते म्हणाले, पण ते तिच्यापर्यंत पोचलं नसावं. सहावी, भक्कम.

ती हसत होती. आपली वेळ कोणी चुकवू शकत नाही, असं हसू.

डावा पाय उचलला आणि खाचेवर टाकला.

पाय खाली गेला नाही.

फळीच्या पातळीला, फार तर दोन सूत खाली, तो टेकला. टेकला तेव्हा किंचित दबला. लाकूड दबतं तसा नाही. उंबऱ्यावर बसलेल्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला तर खांदा दबतो, तसा. तिनं पूर्ण भार दिला. उजवा पाय सुटा झाला, पुढे गेला, आठवीवर पडला. मग डावा उचलला गेला.

तो उचलला जात असताना, पट्टी काढलेल्या जागेतून, मिस्त्रींना खालच्या अंधारात फिकट असं काहीतरी दिसलं. वर तोंड करून असलेलं, वितीहून थोडं लांब. त्याच्या टाचेवर आडवी पांढरी रेघ होती. एका श्वासापुरतं ते तिथं थांबलं, जसं एखादं पाऊल उचलायच्या आधी थांबतं. मग पुढे गेलं, आठवीच्या, नववीच्या खाली, दिसेनासं झालं.

नववी. दहावी. अकरावी. बारावी. वेताची खुर्ची करकरली.

मिस्त्री होते तसेच अर्धवट उभे होते. एक हात जमिनीवर, एक हवेत.

मुलगा दारात आला आणि खाच पाहून त्याचा चेहरा पडला. "आई पलीकडे कशी गेली?"

"ओलांडली तिनं."

"ओलांडली? तिला दिसतं का, बाबा?"

"ओलांडली म्हटलं ना!"

मुलगा चौकट धरून उभा राहिला. मग तो म्हणाला, "आता तरी पटलं ना? आजच नवीन घालून टाकू."

मिस्त्रींनी सातवी फळी मांडीवर ओढली. चीर बोटानं चाचपली. पालथी केली. खळग्यातून अंगठा फिरवला.

"तुझा माल परत ने," ते म्हणाले.

"बाबा!"

"परत ने. आणि आई इथंच राहील."

मुलगा रागानं बरंच बोलला. म्हातारपणाबद्दल बोलला, हट्टाबद्दल बोलला, डॉक्टरबद्दल पुन्हा बोलला. मिस्त्रींनी ते ऐकून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना मुलाला समजावून सांगावंसं वाटत होतं, आणि सांगण्यासारखं काहीच हाती नव्हतं.

७

फुटलेली फळी सांधायची साधी रीत म्हणजे खालून आडवी पट्टी ठोकायची. पाच मिनिटांचं काम. मिस्त्रींनी पट्टी कापलीसुद्धा. खळग्यावर धरून पाहिली. मग बाजूला ठेवली.

त्याऐवजी त्यांनी चिरेत सरस भरला, फळी आवळून बांधली आणि सरस सुकेपर्यंत अंगणातच बसून राहिले. सुकल्यावर खालच्या अंगाला चिरेवर आडव्या, मध्ये बारीक आणि टोकांना रुंद अशा तीन खाचा पटाशीनं कोरल्या आणि त्यात त्याच आकाराचे लाकडाचे तुकडे बसवले, पृष्ठभागाच्या बरोबरीनं. असं काम त्यांनी श्रीमंतांच्या टेबलांवर केलं होतं, जिथं ते चारचौघांना दिसेल. मग रंधा मारला आणि पॉलिश पेपर घेऊन खालचं अंग घासलं. पुन्हा घासलं. गालाला लावून पाहिलं.

खिळे घेतले ते आखूड. टोक खाली निघणार नाही, असे.

जेवायची वेळ टळून गेली होती. बायको खुर्चीतच होती, चेहरा उन्हाकडे केलेला. मुलगा माल परत भरायला पुढे गेला होता. मिस्त्रींनी बूट काढून अंगणात ठेवले, अनवाणी व्हरांड्यात आले आणि सातवी फळी खाचेवर ठेवली. खाली पाहिलं नाही. पाहायचं नाही, हे त्यांनी फळी उचलतानाच ठरवलं होतं. ज्यानं आपली बायको सांभाळली त्याच्या तोंडाकडे टक लावून बघणं बरं नव्हे, असं काहीसं त्यांच्या मनात होतं. भीतीही होती. दोन्ही होतं.

गुडघ्यावर बसून त्यांनी पहिला खिळा धरला आणि हातोडी उचलली.

"अहो," बायको खुर्चीतून म्हणाली, "हळू ठोका."

"हो," ते म्हणाले. "हळूच ठोकतो."

त्यांनी ठोकलं.

ती फळी बेचाळीस वर्षं प्रत्येक घावाला उसळत आली होती. या वेळी उसळली नाही. खिळा एका घावात बसला. मिस्त्रींनी दुसरा खिळा धरला, आणि थोडा वेळ तसेच थांबले, खालच्याची पकड नीट बसेपर्यंत.